लवकरच, सगळीकडे, हळूहळू

“या मठात कुणीतरी तहानलेल्यांना रोज फसवतंय.”

खेमनाथबाबांनी नाव कुणाचंच घेतलं नाही. बऱ्याच वर्षांच्या भटकंतीनंतर ते आपल्या शिष्याच्या, विश्वंभरच्या मठात आले होते, आणि ओसरीवर टेकताच हे बोलले.

विश्वंभर मनात हसला. हे आपल्याबद्दल असणं शक्यच नव्हतं. समतेवरची त्याची प्रवचनं ऐकायला लोक लांबलांबून यायचे. आज बाबा आपली झोळी त्याच्या खांद्यावर घालणार आणि त्याला वारस ठरवणार, याची त्याला खात्री होती.

बाबा मात्र विहिरीकडे बघत होते. कठड्यापासून दूर, भर उन्हात, खालच्या वस्तीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन बसल्या होत्या. दोराला हात लावायची त्यांना मनाई होती. सेवेकऱ्यांची जेवणं उरकली की कुणीतरी येऊन त्यांच्या हंड्यांत वरून पाणी ओतायचं.

“यांच्या हाती दोर कधी देणार?”

“लवकरच, बाबा.”

“कुठं?”

“सगळीकडेच. एका विहिरीनं काय होतंय?”

“आणि कसा?”

“हळूहळू. लोकांना दुखवून चालत नाही.”

बाबा उठले. उन्हात गेले आणि रांगेच्या शेवटी, त्या बायकांतल्या धुरपदाबाईच्या मागं, मांडी घालून बसले. ती दचकून बाजूला सरकली. म्हणाली, बाबा, इथं ऊन लागंल. बाबांनी विचारलं, तुला लागत नाही का? धुरपदाबाई हसली आणि तिनं पदराची सावली त्यांच्या डोक्यावर धरली.

विश्वंभर तांब्या भरून धावत आला. बाबांचे ओठ सुकले होते. पण त्यांनी आपल्या कटोऱ्यावर हात ठेवला.

“यांना लवकरच, आणि मला आत्ता?”

विश्वंभरची नजर रहाटाच्या दोराकडे गेली.

ओसरीवरून सेवेकऱ्यांनी त्याला हाका मारल्या. मठाची रीत आहे, देणगीदार काय म्हणतील, निदान उत्सव तरी होऊ द्या. कालपर्यंत हे सगळं तो स्वतःच बोलत आला होता. आज ते ऐकताना त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला.

त्यानं तांब्या खाली ठेवला. रहाटाचा दोर सोडवून आणला आणि धुरपदाबाईच्या हातात दिला.

“आत्ता,” तो ओसरीकडे वळून म्हणाला. “इथंच. आणि त्यांच्याच हातानं.”

धुरपदाबाईनं क्षणभर दोर नुसता धरून ठेवला… मग कठड्यावर पाय रोवला आणि बादली सोडली. खाली पाण्याचा आवाज झाला तशी सगळी रांग उठून उभी राहिली.

पहिलं पाणी तिनं बाबांच्या कटोऱ्यात ओतलं. बाबा पोटभर प्याले. काही न बोलता त्यांनी झोळी उतरवून विश्वंभरच्या खांद्यावर घातली.

तोवर वस्तीत बातमी पोचली होती. हंडे, कळशा, डबे, हाती येईल ते घेऊन बायका धावत सुटल्या होत्या.

धुरपदाबाईनं कठड्यावरूनच त्यांना हाक दिली, “पळू नका गं. सावकाश या. हीर आता कुटं जात न्हाई.”