गुणाजीची हजेरी

एका गावात एक भोळा गडी होता, गुणाजी. भोळा म्हणजे किती? आई म्हणाली, "जरा दाराकडं बघ," की हा दिवे लागेपर्यंत दाराकडं बघत बसायचा. स्वतःचं डोकं चालवायचं म्हटलं की त्याला घाम फुटायचा. कुणी नियम सांगितला की मात्र गडी खूश.

मामाची शेवंती त्याला ठरलेली होती. गुणाजीचा तिच्यावर भारी जीव. पण मामांनी अट घातली, "आधी नोकरी धर, मग बाशिंग बांध."

आई म्हणाली, "बाळा, डोकं लावावं लागणार नाही असं काम बघ."

गुणाजी लागला दूध डेअरीत. चेअरमननी सांगितलं, "आलेलं दूध तपासल्याशिवाय घ्यायचं नाही. पाणी निघालं की ओतून द्यायचं." त्याच दिवशी तालुक्याचे साहेब आले. त्यांच्यासाठी हॉटेलातून चहा आला. गुणाजीनं दूध तपासायची नळी चहात बुडवली. पाणी निघालं. दिला ओतून.

चेअरमननी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, आलेल्याला बसवायचं, चहा पाजायचा! चल, चालता हो!"

"बसवायचं, चहा पाजायचा," गुणाजीनं पाठ केलं.

मग तो मिरचीच्या मळ्यात राखणीला राहिला. दुपारी बकऱ्या आल्या. त्यानं घोंगडी अंथरली, त्यांना बसवलं, चहा ठेवला. बोकड चहा प्यायला, बाकीच्यांनी मिरची खाल्ली, आणि शेवटी घोंगडीही.

मळेवाला पिसाळला. "आत पाऊल टाकलं की काठी घ्यायची अन् वेशीबाहेर पिटाळायचं!"

"आधी सांगायचं की हो, मालक."

तिसरी नोकरी शाळेत, शिपायाची. सकाळी फाटक उघडलं, पोरं आत शिरली. गुणाजीनं काठी घेतली. दीडशे पोरं वेशीबाहेर. पोरांची काही तक्रार नव्हती. हेडमास्तर मात्र भडकले.

"गाढवा, एकेकाचं नाव पुकारायचं! 'हजर' ऐकल्याशिवाय पुढचं काम सुरू करायचं नाही! जो गैरहजर, त्याला घरी जाऊन आणायचं!"

तीही नोकरी गेली. मामा म्हणाले, "बास! मोडलं लग्न." तेव्हा शेवंती बापापुढं उभी राहिली. "आबा, लग्नात कुठं डोकं लावावं लागतं? भटजी सांगतील तसं करायचं. हे काम जमेल त्याला. अन् मला तोच पाहिजे."

मामा विरघळले. मांडव उभा राहिला. अंतरपाट धरला, भटजींनी घसा खाकरला, आणि गुणाजी म्हणाला, "थांबा!"

त्यानं फेट्यातून लग्नपत्रिका काढली आणि खालून वर एकेक नाव पुकारायला लागला. आत्या हजर. काका हजर. मंडळी हसत होती. "कैलासवासी धोंडजी!" मांडव चिडीचूप.

"आजोबा गैरहजर? मग आणायला जावं..."

मुहूर्ताला थोडाच वेळ उरलेला. अंतरपाटामागून शेवंती जाड आवाज काढून ओरडली, "हजर!"

"चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी शेवंती!"

"हजर! आटप आता!"

एकच नाव उरलं. "चिरंजीव गुणाजी!"

कुणी बोललं नाही. त्यानं पुन्हा पुकारलं. मग तो घाबराच झाला. "अहो, नवरदेवच गैरहजर!" आणि कुणी अडवायच्या आत मुंडावळ्या सावरत घराकडं पळत सुटला.

घराला कुलूप. त्यानं कडी वाजवली. "गुणाजी, ए गुणाजी! अरे, मुहूर्त टळतोय! शेवंती उभी आहे तिकडं!" तो ओट्यावर वाट बघत बसला. ऊन कललं. त्या बिचाऱ्या पोरीच्या आठवणीनं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

परत आला तेव्हा मुहूर्त केव्हाच टळला होता. मामा लालबुंद झाले होते. गुणाजीनं त्यांचे दोन्ही हात धरले.

"मामा, तो घरी नाही. माझं ऐका. असल्या बेभरवशाच्या माणसाला पोरगी देऊ नका."

मामांना भाच्याचं म्हणणं जन्मात पहिल्यांदाच पटलं.