कबुतरीनं नेलेलं रानजायफळ

घाटातल्या एका दाट रानात धनेश पक्ष्याचं जोडपं राहत असे, आणि त्यांच्या शेजारी एक रानजायफळाचं झाड. त्या जातीचं तेवढंच उरलं होतं. बाकीची माणसांनी कधीच तोडून नेली होती. धनेश फळ खाई आणि बी मात्र आपल्या ढोलीखालीच टाकी. "दारात बी, तर दारात झाड!" पण मुलांनो, तिथलं एकूण एक बी साळिंदर खाऊन जाई. एकदा एका रानकबुतरीनं फळ उचललं, तर हा कडाडला, "चोरटे, टाक ते खाली!" ती कसली टाकते! हा मागं लागला, तशी ती पार डोंगरापलीकडे गेली.

दहा-बारा पावसाळे लोटले. अंडं घालायला धनेशीण ढोलीत शिरली आणि त्यांच्या रीतीप्रमाणे आतून चिखलानं दार लिंपून बसली, चोच जाईल एवढीच फट ठेवून. आत बसलं की तिच्या पंखांची पिसं गळतात, भरवायचं नवऱ्यानं. पिल्लू निघालं, आणि त्याच आठवड्यात माणसं करवत घेऊन आली. रानजायफळ आडवं झालं. त्या साली वड-उंबरही फळले नव्हते.

"अहो, काही आणलंत?" आतून आवाज आला.

"उद्या आणतो."

"कालही उद्याच म्हणालात. पिल्लू आता ओरडतसुद्धा नाही हो."

"मग भिंत फोड नि बाहेर ये!"

"येऊन उडू कशानं? पंख कुठायत मला?"

धनेशानं डोंगरामागून डोंगर पालथे घातले. जिकडे जावं तिकडे बुंधेच बुंधे. शेवटी एका ओढ्याकाठी तो मान टाकून बसला. घरी रिकाम्या चोचीनं जायचं तरी कसं?

"काय दादा, ओळखलंत का? मी ती चोरटी," वरून म्हातारी कबुतरी म्हणाली. "तुम्ही मागं लागलात म्हणून इतक्या लांब आले. बी इथं पडलं. वर बघा तरी!"

वर रानजायफळाचं झाड उभं होतं, फळं लालेलाल उकलली होती. धनेशाची मान खालीच गेली.

"लाजता काय? न्या की! घरी पोर उपाशी असेल."

त्यानं चोच भरभरून फळं नेली. पहिला घास पिल्लानं गिळला, दुसरा गिळला, आणि तिसऱ्याला ढोलीतून पिल्लाची पहिल्यासारखी कर्कश्श ओरड आली.

तात्पर्य : दारात साठवलेलं आपल्याबरोबरच संपतं, दुसऱ्यानं नेलेलं कुठंतरी रुजून आपल्याच पोरांच्या तोंडी पडतं.