मंडपातलं भांडण

फार जुनी नव्हे, गेल्या लग्नसराईतली गोष्ट. फोटोग्राफर शलाकाताईंच्या कॅमेऱ्याची आणि लेन्सची भर मंडपात जुंपली. एक फोटो लख्ख यायचा, तर पुढच्यात नवरदेव धुक्यात हरवायचा!

"मी सांगतो, पण तू ऐकतच नाहीस!" कॅमेरा करवादला.

"तू पुटपुटतोस! कधी ऐकू येतं, कधी नाही," लेन्स गरगरत म्हणाली.

तिकडे मंगलाष्टकं संपत आली. आता अंतरपाट दूर होणार! ताईंनी झटकन लेन्स काढली. पाहतात तर दोघांच्या जोडावरच्या, एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवणाऱ्या सोनेरी टिकल्यांवर सकाळची हळद बसलेली! ताईंनी ती मऊ, कोरड्या फडक्यानं पुसली आणि लेन्स खटकन पुन्हा बसवली.

अंतरपाट सरला.

"अगं, नवरी हसतेय," कॅमेरा कुजबुजला.

"दिसलं रे! एवढा ओरडतोस कशाला?" लेन्स म्हणाली आणि हवेतली अक्षतसुद्धा दाणा न् दाणा टिपली गेली.