शिळेखालची घागर

अंबोड्याच्या रंगराव इनामदारांनी रागाच्या भरात वाडीची विहीर शिळा घालून बंद केली. पाण्यासाठी दरीत उतरणारी म्हातारी साळूबाई पाय घसरून पडली आणि गेली. तेव्हापासून रोज दिवेलागणीला इनामदारांना शिळेखाली घागर बुडाल्याचा आवाज येऊ लागला. घागर बुडे; वर मात्र कधी येत नसे.

त्यांनी देवळातील वृद्ध विश्वंभरशास्त्र्यांना विहिरीपाशी बोलावले.

"शास्त्रीबुवा, माझ्या वतीने प्रायश्चित्त तुम्ही घ्या. विहीर उघडणार नाही. नाही म्हणाल, तर उद्यापासून पूजा दुसरा करील."

देवाच्या पूजेवाचून शास्त्रीबुवांना दुसरे जगणे नव्हते. तरी ते शांतपणे म्हणाले, "सरकार, प्राय म्हणजे तप आणि चित्त म्हणजे निश्चय, असा या शब्दाचा अर्थ वडील सांगत. तप मी करीन. निश्चय कोणाचा?"

"तोही तुमचाच धरा!"

"बरे. मग तो आवाजही माझ्या कानांत घाला."

"कसा घालू? तो मला एकट्यालाच येतो!"

"म्हणजे साळूबाईला आपला माणूस नेमका ठाऊक आहे. मी उपाशी राहिलो, म्हणून ती फसायची नाही."

इतक्यात शिळेखाली घागर बुडाली. इनामदार पांढरेफटक पडले. पायांतले जोडे काढून त्यांनी स्वतः शिळेला खांदा लावला.

शिळा सरकली. दोर करकरला, आणि भरली घागर कोणीतरी काठावर टेकवल्याचा आवाज त्यांना आला. पुन्हा तो कधीच आला नाही.

तिथे त्या दोघांवाचून कोणीही नव्हते. काठाचा दगड मात्र ओला होता.