वगळलेले कलम

"म्हणजे मारणाऱ्यांनीही सह्या केल्या?" रेवतीबाईंनी विचारले.

"सगळ्यांनी, बाई. एकही देश बाहेर राहिला नाही."

बोधनकर परराष्ट्र खात्यातले मोठे अधिकारी. स्त्रियांवरील अत्याचार रोखण्याचा आंतरराष्ट्रीय करार त्यांनी नुकताच घडवून आणला होता. रेवतीबाई वऱ्हाडातल्या एका लहानशा महानुभाव आश्रमातल्या वृद्ध तपस्विनी. बोधनकर दरवर्षी त्यांच्यापाशी येऊन बसत. शिष्य म्हणून की कौतुक ऐकायला, हे त्यांनाही ठाऊक नसावे.

बाई फडक्यातून पाणी गाळत होत्या.

"इतके सगळे तयार कसे झाले?"

"एक कलम वगळलं. घरात शिरून बाहेरच्यांनी चौकशी करायची, ते. तेवढ्यावरच अडलं होतं."

"वगळलंत?"

"नाहीतर करारच झाला नसता, बाई."

बाईंनी फडके पिळून बाजूला ठेवले.

तेवढ्यात फाटकावरून आरोळी आली. "माही बायको धाडा भाईर!"

कोपऱ्यात बसलेली गिरिजा भिंतीला चिकटली. काल ती आश्रमात आली तेव्हा तिचा जबडा सुजलेला होता. अजून तिला भाकरी चावत नव्हती.

असा कोणी दारात आला, की हजर असलेल्या जाणत्या पाहुण्याने त्याच्याशी बोलायचे, ही आश्रमाची रीत.

"जा," बाई म्हणाल्या. "तुमचंच काम आहे."

बोधनकर गेले. परतले ते प्रसन्न चेहऱ्याने.

"मिटलं. पुन्हा हात उगारणार नाही म्हणतो. रडला हो बिचारा."

"आणि त्याचं मागणं?"

"फार नाही. आश्रमातल्या कोणी घरी चौकशीला यायचं नाही, एवढंच. ते मी मान्य केलं." ते गिरिजेकडे वळले. "चल, बाळ. सगळं नीट होईल."

"मले कोनी इचारलंच नाई," गिरिजा पुटपुटली. तरी तिने चपला पायात सरकवल्या. एवढ्या मोठ्या माणसाने शब्द दिला होता.

रेवतीबाई उठल्या. गिरिजेचे गाठोडे उचलून त्यांनी बोधनकरांच्या हातात दिले.

"आज तुम्ही जा."

"कुठे?"

"त्याच्या घरी. जेवणाचे हाल होतील, भाकऱ्या हीच थापायची. पण रात्रभर राहा. दार आतून लावू द्या त्याला. उद्या तुम्ही परत आलात, की ही जाईल."

बोधनकर हसले.

बाई हसल्या नाहीत.

"मी?... एकटा?"

"मिटलंय ना?"

"नको, बाई." बोधनकर म्हणाले. "त्याचे हात पाहिलेत मी. रडत होता, तरी मुठी सुटत नव्हत्या. मला तर..."

ते थांबले. आपल्या तोंडून काय निघाले ते त्यांना आत्ता ऐकू आले. गाठोडे छातीशी तसेच धरलेले होते.

गिरिजा त्यांच्याकडे पाहत होती. मग खाली वाकून तिने पायातल्या चपला काढल्या.

फाटकावर पुन्हा हाक.

"त्याचे हात केव्हा पाहिलेत?" रेवतीबाईंनी विचारले. "मला नका सांगू. तिला सांगा. शब्द देण्याआधी, की दिल्यावर?"