खांद्याएवढे पाणी

फार पूर्वी, ज्याचे नाव आता कुणालाही सांगता येत नाही अशा एका राज्यात, एक विस्तीर्ण तलाव होता. बांधाखाली कुंभारांची वस्ती होती. तलावाचे जड दार एक वृद्ध हत्ती सोंडेने उचली. तो प्रामाणिक होता, म्हणजे सांगितलेले तेवढेच करी.

पाणी केव्हा सोडावे, हे गणक पावसाच्या अनुमानावरून ठरवीत. गणकांचे म्हणणे माहूत हत्तीला समजेल अशा आज्ञेत बसवीत. आज्ञा रचण्याचा मान खरा कोणाचा, यावरून त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या तेढ होती.

एका वर्षी गणक म्हणाला, "माहूतदादा, यंदा पाऊस जास्त आहे. नवी आज्ञा लवकर हवी."

"आधी हत्तीला लग्नाच्या मिरवणुकांसाठी तयार करायचे आहे. रांगेत थांबा, शास्त्रीबुवा."

"चार शब्द शिकवायला एवढा थाट? ते मीही शिकवीन."

"शिकवा की! तुमच्या आकड्यांना सोंड फुटली, तर आम्हालाही बोलवा पाहायला."

गणकाने रागाच्या भरात हत्तीला स्वतःच शिकवले, "पाणी खांद्याला लागले की दार उचल." अनुमान अचूक होते. पण त्याच्या मनात माणसाचा खांदा होता. हत्तीने स्वतःचा धरला.

माहुताच्या ते तत्क्षणी ध्यानात आले. "होऊ दे थोडी फजिती," असे पुटपुटत तो निघून गेला. वेळेवर सांगू, असे त्याने ठरवले होते. पण ते सांगणे रोज उद्यावर गेले.

पाऊस कोसळला. पाणी माणसाच्या खांद्यावरून वर चढले. हत्ती वाट पाहत उभा राहिला. त्याच्या खांद्याला पाणी लागण्याआधीच बांध फुटला.

माणसे टेकडीवर पळून वाचली; घरे, चाके, भट्ट्या वाहून गेल्या. चिखलात उभे राहून दोघे पुन्हा भांडू लागले.

"आज्ञा तुमची!"

"आणि माहीत असून गप्प कोण बसले?"

जवळच एक कुंभारीण आपले चाक शोधत होती. तिने मान वर करूनही पाहिले नाही.

हत्ती थकून खाली बसला. म्हणाला, "तुम्हा दोघांचेही खरे आहे. आता या बाईचे चाक कुठे गेले, तेवढे सांगा."

ते दोघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

तात्पर्य : जाणणारा आणि सांगणारा मानापानात गुंतले, की त्यांच्या चुकीचे ओझे तिसऱ्यालाच वाहावे लागते.