धृतव्रताचा अग्नी आणि रोचनेची गाठ

“कुलपती आज आसन सोडणार म्हणे, आणि एकदा का ते उठले, की अग्नी…”

पयोदेच्या घाटावर एवढेच माझ्या कानी पडले. मला पाहताच बोलणारीने घागर बुडवली आणि पुढचे शब्द बुडबुड्यांत गेले. दुसऱ्याच्या घरात डोकावण्याची माझी खोड साऱ्या आश्रमाला ठाऊक. म्हणून बायका माझ्यासमोर जपूनच बोलत. पण त्या अर्ध्या वाक्याने माझी घागर रिकामीच राहिली.

ते कृतयुग होते. पयोदा नदीच्या उत्तर तीरावर, साल-तमालांच्या निबिड छायेत, जिथे हरिणी ऋषिकन्यांच्या ओंजळीतले नीवाराचे दाणे निर्भयपणे टिपीत आणि सामघोषाने पहाट उजाडे, तिथे आमचा आश्रम होता आणि त्याच्या भोवती आठ पाडे वसले होते. त्या पुण्यभूमीवर धूम्रकेश नावाच्या असुराची दृष्टी पडली. त्याला देह नव्हता. होता तो केवळ काळा, चिकट, श्वास कोंडणारा धूर. ज्या घरात तो शिरे तिथली तान्ही मुले निळी पडत. तेव्हा आमच्या कुलपतींनी, महातपस्वी धृतव्रताने, बारा वर्षे घोर तप केले, आणि सप्तजिव्ह, सुवर्णवर्ण भगवान अग्नी वेदीतून प्रकटले.

“वर माग, तपोधना.”

“हे हव्यवाहना, मी तुझ्यापाशी बसून आहे तोवर तू विझू नयेस, आणि तुझे तेज पोहोचेल तिथवर त्या असुराने फिरकू नये!”

अग्नी हसले. “मग तू येथून हललास, की मीही निघालो. पुन्हा विचार कर, वत्सा.”

“विचार झाला.”

“तथास्तु.”

झाले! त्या दिवसापासून अठरा वर्षे तो पुरुषश्रेष्ठ वेदीपाशी मांडी घालून बसला. जेवण तिथे, झोप खांबाला टेकून तिथेच, आठ पाड्यांचे तंटेबखेडेही तिथेच. वडील पैलतीरी वारले, तेव्हा त्याने पिंड बसल्याजागी दिला. लोक येत, जयजयकार करीत, खापरातून निखारा घेऊन घरी जात. मला शेजारणीला दिसे ते एवढेच, की सगळे पांगल्यावर तो नदीच्या वाटेकडे बघत राही. दाव्याला बांधलेला बैल चरणाऱ्या गुरांकडे बघतो ना, तसा.

तर मी घाटावरून तशीच निघाले आणि विरजण मागण्याचे निमित्त करून त्यांच्या कुटीत शिरले. धृतव्रताची पत्नी चारुमती दारातच बसली होती.

“विरजण कालच नेलंत, मेधाताई.”

“ते नासलं. तू डोळे का पुसतेस ते सांग आधी.”

मग ती बोलली. तिची एकुलती एक लेक रोचना पैलतीरी दिलेली. दोन दिवस झाले, बाळंतपण अडले होते. आमची रीत अशी, की कन्यादानाच्या वेळी पिता मुलीच्या मनगटाला दर्भाची दोरी बांधतो आणि पहिल्या बाळंतपणात स्वतः जाऊन ती गाठ सोडतो. गाठ सुटल्यावाचून मूल वाट सोडत नाही, आणि दुसऱ्या कुणाचा हात लागला तर माय-लेकरू दोघांवर संकट येते, ही आमची श्रद्धा. मनगट सुजून दोरी आत रुतली होती, तरी सासरी कुणी तिला हात लावायला धजेना.

“ते काय म्हणतात?” मी विचारले.

“काही नाही. वेदीकडे बघतात, वाटेकडे बघतात. अठरा वर्षं तेच बघतेय मी.”

दुपारपर्यंत आठही पाडे यज्ञशाळेत लोटले. वृद्ध पिंगाक्ष, सर्व पाड्यांचा मुखिया, हात उंचावून गरजला, “हे कुलपते! एका कन्येसाठी तुम्ही आम्हा सहस्रांना असुराच्या मुखी देणार काय? जो सर्वांचा पिता झाला, त्याला एकीचा पिता होता येत नाही!”

“वा रे वा!” चारुमती उसळली. “तुमच्या सुनेच्या वेळी गाठ सोडायला व्याही आले, तेव्हा पायसाचे तीन द्रोण चापलेत, पिंगाक्षकाका! माझ्याच लेकीच्या वेळी तुम्हाला सहस्रांची आठवण येते होय?”

कुणीतरी हसले. धृतव्रताने डोळे मिटले. “उठलो तर प्रजाघातकी, बसलो तर कन्याघातकी. भगवन्, मला कुठे आणून ठेवलंस!”

माझ्याने राहवेना. “पण कुलपती, असुराला अडवायला विस्तवच हवा ना? पूर्वी घरोघर अरणीची लाकडे घुसळून अग्नी काढत असू की!”

“मग काढा!” तो आशेने म्हणाला. “कुठे आहेत तुमच्या अरणी?”

आधी मीच तोंड उघडले. “आमची गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावलीय.” मग एकेकाचे कळू लागले. कुणाची वेलाला आधार दिलेली, कुणाची पाटाचा पाय झालेली. पिंगाक्षाने खाली मान घालून आपल्या हातातली काठी पुढे केली; तीही अरणीच होती.

धृतव्रताने ती काठी हातात घेतली. मग म्हणाला, “जनहो, तुम्ही मला बांधलेत असे मी म्हणणार नाही. जयजयकार गोड लागला, म्हणून मी बसलो. मला वाटले, मी आठ पाड्यांचा अग्नी राखतो आहे. मी तर तुमच्या आठशे चुली विझवल्या! आता मी जाणार.”

तो उठू लागला. पण अठरा वर्षांची मांडी. गुडघे वठलेल्या फांदीसारखे, सुटेचनात. त्याने पुन्हा जोर केला आणि घामाघूम होऊन तो हुंदका देऊन रडला. वर मोडायला निघाला, तर देहच मोडला होता!

तेव्हा पुढे झाला तो पिंगाक्ष. “बघता काय? उचला आसनासकट!” चौघांनी खांदे दिले, त्यांत आमचे हेही होते. वेदीपासून सातव्या पावलाला ज्वाळा वाकली आणि तिच्यातून वाणी उमटली, “एकाच्या राखणीत मी पुन्हा राहणार नाही. ज्याचे हात मला घुसळतील, त्याच्या घरी मी राहीन. जो मला दुसऱ्यावर सोपवील, त्याच्या घरी धूरच राहील!”

अग्नी विझला. घरोघरचे निखारेही विझले. पुरुष आसन खांद्यावर घेऊन नदीकडे धावले आणि आम्ही बायका अरणींकडे. धूम्रकेश रानातून खदखदत आला. त्याने यज्ञशाळा गिळली, शेवटच्या पाड्यातली सहा घरे गिळली. माझ्या तळहाताची साले निघाली, चारुमती अरणीची दोरी ओढत होती, आणि धूर आमच्या उंबऱ्याला लागला तेव्हा गवताच्या काडीवर एक ठिणगी बसली. मग शेजारी दुसरी, पलीकडे तिसरी. संध्याकाळपर्यंत पाड्या-पाड्यांत इवले इवले अग्नी जळू लागले आणि असुर मागे सरला. गेला नाही, मागे सरला.

रोचनेची गाठ बापाने दातांनी सोडली. मुलगी झाली, रडली, जगली.

तेव्हापासून आमच्याकडे चुलीला पहिला घास देतात, आणि ज्या घरचा विस्तव दुसऱ्याच्या भरवशावर असतो त्या घरात आजही धूर कोंडतो. यज्ञशाळेच्या जागी अजून गवत उगवत नाही.

घाटावर ऐकले त्यातले एवढे खरे ठरले, की अग्नी विझला. आसन मात्र कुलपतींनी सोडले नाही. तसेच उचलून त्यांना कुटीच्या दारात परत आणले. नातीला मांडीवर घेऊन ते त्याच आसनावर बसत, आणि ती रांगत दूर गेली, की मला हाक मारीत.